बार्नमधलं लग्न आणि लग्न लावणारा

आपल्याकडच्या लग्नात सगळ्यात जास्त बोलणारा आणि सगळ्यात कमी ऐकला जाणारा माणूस म्हणजे गुरुजी. ते बिचारे माइकवरून सप्तपदीचा अर्थ सांगत असतात आणि आपण पहिली पंगत बसली का, याची चौकशी करत असतो. हे लहानपणापासून बघत आलोय, पण खुपायला लागलं ते गेल्या जुलैपासून. कारण तेव्हा इंग्लंडमध्ये मी स्वतःच एक लग्न लावलं. हो, लावलं :)

टीममधला एक इंग्लिश सहकारी आणि त्याची मैत्रीण. दोघंही चर्चची पायरी न चढणारे. लग्न कॉट्सवोल्ड्समधल्या एका शेतावरच्या जुन्या दगडी बार्नमध्ये. बार्न म्हणजे आपलं खळं आणि कोठार एकाच छपराखाली आणलं तर जे होईल ते. समोरासमोर दोन मोठे दरवाजे असतात. पूर्वी मळणीच्या दिवसांत दोन्ही उघडले की वारा आरपार जायचा आणि उपणताना भुसा उडून जायचा. आता ते काम शेतातच यंत्र करतं, बार्न रिकामा पडतो, म्हणून बरेच शेतकरी तो लग्नांना भाड्याने देतात.

अशा लग्नात विधी चालवणाऱ्याला सेलिब्रंट म्हणतात. पैसे घेऊन हे काम करणारे व्यावसायिक असतात, पण यांना ओळखीतलं कोणीतरी हवं होतं. परवाना वगैरे काही लागत नाही, कारण इंग्लंडमध्ये सेलिब्रंटने लावलेल्या लग्नाची कायद्याच्या दृष्टीने किंमत शून्य. तिथला कायदा मुख्यतः जागेला चिकटलेला आहे: चर्च, रजिस्टर ऑफिस, किंवा मान्यता मिळालेली वास्तू आणि तिथे हजर असलेला रजिस्ट्रार. त्यामुळे ही दोघं मंगळवारीच दोन साक्षीदार घेऊन रजिस्टर ऑफिसात जाऊन आली होती. लंडनमधल्या एखाद्या भाड्याच्या हॉलमध्ये मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी आणि बार्नमधला मी, कायद्यापुढे एकाच पंक्तीत!

स्कॉटलंडमध्ये मात्र कायदा लग्न लावणाऱ्या माणसाकडे बघतो, म्हणून तिथे २००५ पासून ह्युमनिस्ट सेलिब्रंटनी लावलेली लग्नं कायदेशीर आहेत. ऑस्ट्रेलियाने तर १९७३ पासूनच सरकारमान्य सेलिब्रंट नेमायला सुरुवात केली. आणि आपल्याकडे? आपल्याकडे वजन विधीला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ सांगतं की जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने हिंदू लग्न होत नाही, असं सुप्रीम कोर्टानेही २०२४ मध्ये सांगितलं. म्हणजे ज्या पाच मिनिटांत आपण जिलबी की गुलाबजाम ही चर्चा करतो, नेमकी तीच कायद्याची पाच मिनिटं.

असो. माझ्या हातात कायदा नव्हता, मंत्र नव्हते, सोवळंसुद्धा नव्हतं. होते फक्त शब्द, आणि तेही ऐंशी लोकांनी ऐकले तरच. मी दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले (रिक्वायरमेंट गॅदरिंग, दुसरं काय!). कुठे भेटलात, कशावरून भांडता, एकमेकांना नक्की काय कबूल करणार. त्यातून वीस मिनिटांचं बोलणं लिहिलं. 'आता तुम्ही कायद्याने पती-पत्नी' असं काही त्यात येऊ न देण्याची काळजी घेतली. फोटोग्राफरबाईंनी आधीच बजावलं होतं, शपथ झाली की दोन पावलं बाजूला व्हा, चुंबनाच्या फोटोत मध्ये तुमचा चेहरा नको. रास्त मागणी.

बाहेर रणरणतं ऊन होतं, आत जाड भिंतींचा गारवा. आढ्याला पाकोळ्यांची घरटी. सुरुवातीलाच सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगितले आणि चक्क सगळ्यांनी ठेवले. वराने आपली वचनं धडाधड म्हणून टाकली. वधू तिसऱ्या वाक्याला थांबली. तिची आई आदल्या वर्षी गेली होती आणि त्या वाक्यात आईचा उल्लेख होता. कागद माझ्या हातात होता, पुढचा शब्द सुचवणं सहज शक्य होतं. मी गप्प राहिलो. अर्धा मिनिट झाला असेल, कदाचित जास्त. कोणी खोकलंसुद्धा नाही, फक्त वर पाकोळ्यांची ये-जा. मग तिने तेच वाक्य पहिल्यापासून म्हटलं.

आपल्या लग्नात असं थांबायला जागाच कुठे असते? मुहूर्त, सनई, व्हिडिओवाला, पुढच्या कार्याला हॉल रिकामा करायची घाई.

'म्हणजे तिकडचं सगळं चांगलं' असं म्हणाल, तर तसं अजिबात नाही. कागद एकीकडे आणि सोहळा दुसरीकडे ही फारकत महागात पडू शकते. नुसता धार्मिक सोहळा करून वर्षानुवर्षं संसार केलेल्या एका बाईच्या खटल्यात इंग्लंडच्या अपील कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं की कायद्याच्या दृष्टीने ते लग्नच नव्हतं. बार्नमध्ये कितीही डोळे पाणावले तरी मंगळवारची ती फेरी टाळून चालणार नाही.

आणि शब्द कळले पाहिजेत हे शिकायला कॉट्सवोल्ड्सला जायची गरज नाही. सत्यशोधक लग्नं पुरोहिताशिवाय लागायला लागली ती १८७३ पासून, आणि फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू-वर चक्क मराठीत एकमेकांशी बोलतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीत मंत्राबरोबर मराठी अर्थ सांगतात, आणि सांगणाऱ्या अनेकदा स्त्रियाच असतात. सोय आहे, परंपराही आहे. आपण फक्त पाच मिनिटं गप्प बसायचंय.

डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आहे. गुरुजींना मी आत्ताच फोन करून विचारलं, सप्तपदीच्या वेळी सनई बंद ठेवून प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगाल का? एकदम खूश झाले. म्हणाले, "मी तर दरवेळी सांगतोच हो. पण त्या व्हिडिओवाल्याला तुम्ही आवरा, माझं तो ऐकत नाही."