अपक्वाहाराचा आरंभ

अपक्व आहाराकडे वळू पाहणाऱ्या आमच्या तरसालीच्या सभासद कुटुंबांची अडचण निराळीच आहे. या आहाराचे पुरस्कर्ते प्रथम मोड आलेली कडधान्ये व गाजर सुचवितात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अंकुर व कंदमूळ दोन्ही वर्ज्य. मग उरतात ती फळे, आणि नुसत्या गोडाने दोन दिवसांत जीव विटतो.

आमच्या मते उत्तर शेजारीच आहे. बडोद्याच्या मराठी घरांतून चैत्रात आंब्याची डाळ होते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटावी. तीत किसलेली कैरी, ओले खोबरे, मिरची व मीठ घालावे. (फोडणीपुरता अग्नी लागतो खरा, कट्टर मंडळींनी ती वगळावी, आम्ही वगळणार नाही.) आंबटपणा कैरीचा असल्याने दह्याची गरज पडत नाही व द्विदलाचा दोषही टळतो. सोबत लिंबू पिळलेली काकडीची कोशिंबीर असावी.

मात्र आरंभ एकाच जेवणाने करावा. महात्माजींनी १९२९ च्या मे महिन्यात संपूर्ण अपक्वाहार सुरू केला. आमांशामुळे ऑगस्टात तो सोडावा लागला. भिजलेली डाळ पचावयास जड असते. पहिल्या दिवशी लहान वाटीभर पुरे, आणि उरलेली सायंकाळपर्यंत ठेवू नये.