गृहविज्ञान : मत्स्यपेटीची नळी

दिवाणखान्यांत काचेची मत्स्यपेटी असणें ही आतां अपूर्वाईची गोष्ट राहिली नाहीं. पेटीची काच, तळाची वाळू, दिवा, पाणी गाळण्याचें यंत्र यांकडे घरांतील मुलें हौसेनें लक्ष देतात. परंतु ज्या नळीनें दर आठवड्यास पाणी बदलावयाचें, तिचें वेटोळें करून तें मोरींतील खिळ्यास अडकविलें कीं पुढील रविवारपर्यंत तिची आठवण कोणासहि होत नाहीं. या खेपेस आम्हीं हा विषय घेतला आहे, तो केवळ माशांकरितां नव्हे. घरांतील माणसांच्या आरोग्याशींहि त्याचा संबंध आहे.

नळीच्या तोंडांत बोट घालून पाहावें. तपकिरी किंवा काळसर असा बुळबुळीत थर हातास लागतो. पुष्कळजण त्यास शेवाळ म्हणतात, पण शेवाळास उजेड हवा. हा थर अंधाऱ्या मोरींतहि तितक्याच जोमानें वाढतो. ही जीवाणूंची वसाहत होय. ओल्या पृष्ठभागास चिकटून ते आपल्याभोंवतीं एक चिकट द्रव्य पाझरवितात आणि त्याच्या आश्रयानें राहतात. शास्त्रज्ञ यास बायोफिल्म म्हणतात. आपण जैवपटल म्हणूं. सकाळीं दांतांवर जो चिकटा जाणवतो तो याच जातीचा. लेव्हेनहूक या डच गृहस्थानें १६८३ सालीं आपल्या दांतांवरील असला चिकटा भिंगाखालीं धरून त्यांतील हालते जीव पाहिले व लंडनच्या रॉयल सोसायटीस तसें कळविलें. तो चिकटा नुसत्या चुळा भरून जात नाहीं, घासावा लागतो, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे नळीचें अर्धें काम समजलें.

जैवपटल सर्वत्र वाईटच असतें असें मात्र नव्हे. गाळणीच्या स्पंजावर वाढणारे जीवाणू माशांच्या मलमूत्रांतील अमोनियाचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट करितात, म्हणून तर मासे जगतात. तो स्पंज पेटींतून काढलेल्या पाण्यांतच खळबळावा. क्लोरिनचा अतिउत्साह तेथें दाखविल्यास चार दिवसांत पेटी ओस पडावयाची!

नळींतील थराचे चार कपटे पेटींत पडल्यानें धडधाकट मासे मरतात, हें आम्हांस मान्य नाहीं. परंतु वेटोळ्यांत साचून राहिलेलें पाणी कुजतें, त्यास सडक्या अंड्यासारखा दर्प येतो; आणि एकच नळी दोन पेट्यांत फिरली तर एकीचा रोग दुसरींत जातो. माणसांची गोष्ट याहून महत्त्वाची. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नांवाचा, क्षयाच्या जंतूच्या कुळांतला एक जंतु आहे. फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयांतील माशांत तो सांपडल्याचें १९२६ सालीं प्रसिद्ध झालें. हातावरील खरचटलेल्या जागेंतून तो आंत शिरतो, कांहीं आठवड्यांनीं बोटांवर वा हातावर न भरणाऱ्या गांठी येतात, आणि औषध कित्येक महिने घ्यावें लागतें. असें क्वचितच घडतें. तथापि हातास जखम असतां, किंवा कोणाची प्रतिकारशक्ति क्षीण असतां, त्यानें हें काम रबरी हातमोज्यांवांचून करूं नये. अशी गांठ आल्यास घरीं मत्स्यपेटी आहे हें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. आणि नळी तोंडानें ओढून पाणी सुरू करण्याची मुलांची संवय आजच मोडावी. सबंध नळी पेटींत बुडवून भरावी, एका टोकावर अंगठा दाबून तें खालच्या बादलींत सोडावें. वक्रनळी आपोआप चालूं लागते.

आतां कृति. आधीं घासणें, मग औषध. हा क्रम उलटल्यास औषध वरच्या पापुद्र्यावरच खर्ची पडतें. मजबूत दोरीच्या टोकास लहानसें वजन बांधावें, जिन्यावरून नळी सरळ खालीं लोंबती धरून तें आंतून सोडावें. दोरी पार झाली कीं तिला नळीच्या पोकळीहून किंचित् जाड असा स्पंजाचा तुकडा बांधून तो चारपांच वेळां ओढून घ्यावा. निघालेली घाण पाहून घरांतील वडील मंडळी नाक मुरडतील, म्हणून हें काम अंगणांत करावें. साबण वापरूं नये. त्याचा अंश राहिल्यास माशांच्या कल्ल्यांस इजा होते.

नंतर बाजारांत मिळणारें सुमारें ५ टक्क्यांचें साधें, सुगंधरहित हायपोक्लोराइट ब्लीच १ भाग व पाणी २० भाग असें मिश्रण त्याच वेळीं करून, नळीचीं दोन्ही टोकें वर धरून आंत भरावें व २० मिनिटें ठेवावें. १२ मिलिमीटर पोकळीच्या २ मीटर नळीस पाव लिटरहूनहि कमी मिश्रण लागतें. मग भरपूर पाण्यानें धुऊन, हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यानें खळबळावी. व्हिनेगरनें क्षारांचे पांढरे डाग जातात खरे, पण तें ब्लीचमध्यें कदापि मिसळूं नये. विषारी क्लोरिन वायु सुटतो. पी. व्ही. सी. च्या नळीस उकळतें पाणी सोसत नाहीं, ती मऊ पडून बिघडते.

एवढें करूनहि वेटोळें ओलेंच टांगलें तर थर पुन्हा धरतोच. नळी दांडीवर मध्यभागीं टाकून दोन्ही टोकें खालीं सोडावीं. ती कोरडी राहील तर घासण्याचें काम महिन्यांतून एकदां पुरतें.

एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट फार जपावयाची. जेथें नळाचें पाणी ठराविक वेळींच येतें, तेथें हाताशीं सांपडली म्हणून हीच नळी पिण्याच्या पिंपास लावली जाते. तिला रंगीत चिंधी बांधून सर्वांस बजावून ठेवावें. तसेंच, पेटी भरतांना नळी नळास जोडलेली व तिचें टोंक पाण्यांत बुडालेलें असतां एकाएकीं नळ गेला, तर पेटींतील पाणी उलट ओढलें जाऊन घराच्या पाइपांत शिरूं शकतें. टोंक पाण्याच्या वर चार बोटें अधांतरीं बांधावें, किंवा सरळ बादलीनेंच भरावें. आणि नळी कडक होऊन आंतून चरे पडले असतील, तर घासण्यांत वेळ न दवडतां नवी आणावी. त्या चऱ्यांत स्पंज पोंचत नाहीं.