ग्रंथपालांचा वाद

आमची धाकटी सून एका महाविद्यालयांत ग्रंथपाल आहे. गेल्या चैत्रापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं दुपारीं ती घरांत नसते. गांवांतील निरनिराळ्या महाविद्यालयांचे सहासात ग्रंथपाल एकत्र जमतात. पंधरा दिवस आधीं ठरविलेला एक लेख सर्वांनीं वाचलेला असतो, आणि त्यावर दोन तास चर्चा चालते. "आठवडाभर पुस्तकांतच असते, मग रविवारीं पुन्हा पुस्तकांवर बोलावयाचें तें काय?" असा प्रश्न घरांत निघाला, आणि तो काढणारांत पहिला मीच होतों, हें कबूल केलें पाहिजे.

"मामंजी, दिवसाला शंभर माणसें पुस्तक मागावयास येतात, पण माझी अडचण ज्याला कळेल असा एकहि येत नाहीं," असें ती म्हणाली. विचार केल्यावर तें पटलें. महाविद्यालयांत इतिहासाचे तिघे अध्यापक असतात, रसायनाचे पांच. ग्रंथपाल बहुधा एकटाच. शिकवितांना माझें कोठें चुकतें हें मला शिक्षकांच्या खोलींत कोणीतरी सांगत असे. ग्रंथपालाची चूक मात्र कपाटांत निमूटपणें बसून राहते.

ही अडचण कसली, तें एका उदाहरणानें सांगतों. १९८२ च्या मुंबईंतील गिरणी-संपाचा कामगारांच्या घरांतील स्त्रियांवर काय परिणाम झाला, ह्यावर एखादें पुस्तक आलें. तें उद्योगधंद्यांत ठेवावें, कामगार-चळवळींत, स्त्रीजीवनांत, कीं मुंबईच्या इतिहासांत? पुस्तकाला फळीवर जागा एकच. सूची नीट केलेली नसेल, तर उरलेल्या तीन वाटांनीं येणारा वाचक रित्या हातांनीं परत जातो, आणि पुस्तक तेथेंच असतें! मी एका शाळेंत असतांना ग्रंथालयाच्या किल्ल्या नऊ वर्षें माझ्याकडे होत्या. कपाट सुबक दिसावें म्हणून मीं पुस्तकें उंचीप्रमाणें लावलीं होतीं. एका मुलाला ग्रहणांविषयीं पुस्तक हवें होतें. तसलें आपल्याकडे नाहीं, असें मीं त्याला सांगितलें. तो शाळा सोडून गेल्यावर दोन वर्षांनीं, वाळवी झाडतांना, तें माझ्या हातीं आलें.

ग्रंथपालाचें एकाकीपण आपल्या देशांतील सर्वांत नामांकित ग्रंथपालालाहि सोसलें नव्हतें. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ च्या जानेवारींत ते मद्रास विश्वविद्यालयाचे ग्रंथपाल झाले, आणि थोड्याच दिवसांत त्या सुन्या जागेला इतके कंटाळले कीं, मला पुन्हा शिकवावयास पाठवा, म्हणून विनवूं लागले. इंग्लंडांत जाऊन हें शास्त्र पाहून या, मगहि मन रमलें नाहीं तर गणित आहेच, अशी तडजोड झाली, असें सांगतात. परतले ते जन्माचे ग्रंथपाल होऊन. १९३३ सालीं प्रसिद्ध झालेली त्यांची द्विबिंदु-वर्गीकरण पद्धति म्हणजे वरील अडचणीवरील तोड होय. पुस्तक एका खणांत कोंबण्याऐवजीं त्याच्या विषयाचे पैलू निराळे करावयाचे, आणि त्यांच्या खुणा जोडून क्रमांक बनवावयाचा. पुढें हे सारे पैलू त्यांनीं पांच मूळ वर्गांत बसविले: व्यक्तित्व, द्रव्य, शक्ति, देश आणि काल. वैशेषिकांचे सात पदार्थ ज्यांनीं पाठ केले आहेत, त्यांना ही वाट ओळखीची वाटेल. (सातवा पदार्थ जो अभाव, त्याला मात्र येथें वर्ग मिळाला नाहीं, वस्तुतः ग्रंथालयांत त्याचाच अनुभव अधिक!)

सूनबाईंच्या मंडळीनें पहिल्या बैठकीला वाचलेला लेख ह्या विचाराच्या पुढील प्रवासाचा होता. १९५२ सालीं लंडनमध्यें कांहीं ग्रंथपालांनीं वर्गीकरणाच्या संशोधनासाठीं एक छोटें मंडळ काढलें. त्यांत व्हिकरी हे रसायनशास्त्र शिकलेले, मिल्स हे ग्रंथपालन शिकविणारे, तर फॉस्केट हे पुढें लंडन विश्वविद्यालयाच्या शिक्षणसंस्थेचे ग्रंथपाल झाले. आपापलें काम संभाळून हे लोक एकत्र बसत, वाचीत आणि भांडत. रंगनाथनांचें मूळ तत्त्व त्यांनीं मनापासून घेतलें, आणि १९५५ मध्यें तसें जाहीरहि केलें. परंतु पांच हा आंकडा त्यांना मानवेना. एकेकानें एकेक विषय घेऊन त्याचें वर्गीकरण स्वतः बांधून पाहिलें. कोट्स ह्यांनीं संगीताचें केलें. करून पाहतां दिसलें कीं, पांच कप्पे अपुरे पडतात; वस्तु, तिचा प्रकार, भाग, गुणधर्म, क्रिया, साधन अशी यादी लांबतच जाते. ज्याला गुरु मानिलें त्याचेंच माप पुन्हा मोजावयाचें, आणि तरीहि त्याचा आदर ढळूं द्यावयाचा नाहीं, हें मला फार आवडलें.

आपल्या न्यायशास्त्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावें म्हणून होतो तो वाद, जिंकावें म्हणून होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडतां दुसऱ्याचा मोडावयाचा ती वितंडा. शिक्षकांच्या सभांत उभा जन्म घालविल्यामुळें शेवटच्या दोहोंचा माझा अभ्यास दांडगा आहे. पहिल्याचा योग क्वचितच आला.

सूनबाईंच्या मंडळींत वयाचा मान चालत नाहीं म्हणे. निवृत्तीला आलेल्या एका गृहस्थांनीं आपल्याच सूचींतील चूक वाचून दाखविली, आणि कोणी हंसलें नाहीं. त्या दिवशीं असें ठरलें कीं, एकाच विषयाला सातहि ग्रंथालयांनीं एकच मथळा द्यावा. "स्त्रिया", "महिला" आणि "नारी" ह्यांवर दोन बैठकी गेल्या; अद्याप निकाल नाहीं.

दुसऱ्या रविवारचा स्वयंपाक आतां चिरंजीवांकडे आहे. आमटी खारट होते, परंतु तक्रार करण्याचा अधिकार मीं गमावला आहे. पुढील बैठक आमच्याच माजघरांत भरावयाची आहे. मला कोपऱ्यांत बसून ऐकण्याची परवानगी मिळाली. अट एवढीच कीं, इतरांप्रमाणें मींहि लेख वाचून यावें. लेख बावीस पानांचा आहे. सात झालीं.