आधी हप्ता, मग पॅकेज

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की वसईपासून विरारपर्यंत घराघरांत एकच शब्द ऐकू येतो, 'कॉम्प्युटर'. मेकॅनिकल नको, सिव्हिल तर नकोच. कॉम्प्युटर नाही मिळालं तर आयटी, तेही नाही तर एआय. लोकलच्या लेडीज डब्यात भाजी निवडता निवडता आकडे सांगितले जातात. कुणाच्या भाच्याला बारा लाखांचं पॅकेज, तर कुणाच्या शेजारणीच्या मुलीला अठरा. ऐकणारी आई मनाशी ठरवून टाकते, काहीही होवो, पोराला इथेच घालायचं. आणि पैसे? काढू की कर्ज!

मैत्रिणींनो, कर्जाला माझा विरोध नाही. लग्नातल्या जेवणावळींसाठी काढलेल्या कर्जापेक्षा शिक्षणासाठी काढलेलं कर्ज कधीही चांगलं. पण ते कोणत्या पगाराच्या भरवशावर काढतोय, हे आधी कागदावर मांडायला हवं. डब्यात कानावर पडतो तो सगळ्यात मोठा आकडा असतो. ज्याला साडेतीन लाख मिळाले, त्याची आत्या ते डब्यात सांगत नाही.

आणि साडेतीन लाख हाच खरा नेहमीचा आकडा आहे. मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या इंजिनिअरचा वर्षाचा पगार गेली दहा-बारा वर्षं त्याच्याच आसपास घुटमळतोय. कॉलेजची फी, घरभाडं सगळं मात्र वाढत गेलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीनं सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. दुसरीकडे, एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची मर्यादा एआयसीटीईनं २०२४-२५ पासून उठवली. कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या. त्या वर्षी आत गेलेली मुलं २०२८ मध्ये एकदमच नोकऱ्यांच्या दारात उभी राहणार.

आता हिशोब करू. समजा, वर्षाला दोन लाख याप्रमाणे चार वर्षांत आठ लाखांचं कर्ज काढलं आणि व्याज साडेदहा टक्के आहे. शिकत असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो म्हणून आपण निश्चिंत असतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. पाच वर्षांत ते जवळजवळ तीन लाख होतं. म्हणजे हप्ते सुरू होताना डोक्यावर आठ नव्हे, अकरा लाख असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता येतो महिना पावणेपंधरा हजार. साडेतीन लाखांच्या पॅकेजमध्ये हातात पडतात चोवीस-पंचवीस हजार. उरलेल्या दहा हजारांत ऐरोलीला किंवा अंधेरीला रोजचं जाणं-येणं, जेवणखाण. नोकरी पुण्याला किंवा बंगळुरूला लागली तर खोलीचं भाडंही त्यातूनच. जमेल?

नाही जमलं तर बँक कुणाला फोन करते? सहकर्जदाराला, म्हणजे आईबापाला. बाप तोवर निवृत्तीला आलेला असतो. विषय रखडले, नोकरी लांबली, तरी हप्त्याची तारीख थांबत नाही.

साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका बहुधा तारण मागतात. आपल्या भागात ही आणखी एक अडचण. कित्येक इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नाही, काही तर मुळातच अनधिकृत. न्यायालयाच्या आदेशावरून नालासोपाऱ्यातल्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या, हे आपण पाहिलंय. असं घर तारण चालत नाही. मग नजर जाते ती आईच्या दागिन्यांवर किंवा गावातल्या उरल्यासुरल्या वाडीवर. वाडी एकदा विकली की पहिला पगार ती परत आणत नाही.

मग कॉम्प्युटर घ्यायचंच नाही का? घ्यायचं, पण उलट्या बाजूनं मोजून. पहिल्या पगाराच्या तिसऱ्या भागापेक्षा हप्ता मोठा नको. आठ हजारांचा हप्ता धरला तर कर्ज चार-सव्वाचार लाखांचं बसतं. चार लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. मूल शिकत असतानाच दरवर्षीचं व्याज भरत राहिलं तर हाच हप्ता पावणेसहा लाखांपर्यंत पुरतो. पहिल्या वर्षी ते व्याज महिन्याला साडेबाराशेच्या आसपास पडतं. एखादी भिशी तेवढ्यासाठी लावता येईल. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर शिकतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं. मात्र संस्थेला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीएची मान्यता लागते, ते आधी विचारा. व्हीजेटीआयसारख्या नावाजलेल्या संस्थेत नंबर लागला तर थोडं जास्त कर्जही परवडेल. पण केवळ शाखेच्या नावासाठी मॅनेजमेंट कोट्यात लाखो ओतण्यापेक्षा घराजवळच्या कॉलेजात कमी फीची जागा, दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश किंवा बीएस्सी आयटी हे रस्ते कमीपणाचे नाहीत.

मुलींच्या आयांना तर एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारनं २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलंय. आधी निम्मंच माफ होतं. विकास शुल्क, लॅपटॉप, पास हा खर्च आपला, तरी कर्जाचा मोठा भाग कटतो. अट एकच, प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यात गेलात की सवलत गेली. उत्पन्नाचा दाखला, जातीचे कागद मे महिन्यातच तयार ठेवा, ऐन वेळी तहसील कचेरीत रांग असते. 'मुलासाठी कर्ज काढू, मुलगी काय, साधं बीए करेल' असं अजूनही ऐकू येतं. या योजनेनंतर तर त्या वाक्याला हिशोबाचाही आधार उरलेला नाही.

शेवटचं, बँकेत एकट्या वडिलांना पाठवू नका. सही आपलीही असते, मग समोरची खुर्चीही आपली. 'पाच वर्षांनी एकूण किती होईल आणि हप्ता किती बसेल?' हे दोन आकडे मॅनेजरसाहेबांकडून लिहून घ्या आणि घरी मुलासमोर ठेवा. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला ते नक्की कळतात. कर्ज त्याला फेडायचंय, तर काढायच्या आधी त्यालाही ते माहीत असू द्या.