सुटलेला हुक आणि खालची माणसे

१/ ३१ ऑगस्ट २०२४. केदारनाथहून गौचरकडे निघालेल्या वायुदलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरखाली दुसरे, नादुरुस्त हेलिकॉप्टर टांगलेले होते. वारा आणि भार यांमुळे तोल ढळू लागला, तेव्हा थारू कॅम्पजवळ वैमानिकाने मोकळी जागा पाहून तो भार दरीत सोडला. कोणालाही इजा झाली नाही. चित्रफीत मात्र देशभर थट्टेचा विषय झाली.

२/ ही थट्टा इतिहासाच्या अज्ञानातून आली. हेलिकॉप्टरने विमान किंवा हेलिकॉप्टर टांगून नेणे नवे नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या चिनूक हेलिकॉप्टरांनी निकामी झालेली हजारो विमाने आणि हेलिकॉप्टरे अशीच परत आणली.

३/ टांगलेला भार म्हणजे लंबक. ३० मीटर लांबीच्या दोरावर त्याचा एक पूर्ण झोका सुमारे ११ सेकंदांचा असतो. वैमानिकाने चुकीच्या क्षणी हेलिकॉप्टर वळवले, तर झोका शमण्याऐवजी वाढतो.

४/ भाराचे वजन जितके महत्त्वाचे, तितकाच त्याचा आकार. काँक्रीटसारखा घट्ट, जड भार तुलनेने स्थिर लटकतो. हेलिकॉप्टरचा पोकळ सांगाडा मात्र वारा अंगावर घेतो, फिरतो, हेलकावतो आणि वरच्या यंत्रालाही आपल्यासोबत ओढू लागतो.

५/ म्हणूनच भार सोडण्याची कळ वैमानिकाच्या हाताशी असते आणि ती निकामी झाली तर पर्यायी यांत्रिक व्यवस्थाही ठेवलेली असते. भार गमावून माणसे वाचवणे, हाच त्या हुकामागचा विचार. केदारनाथच्या दरीत तो विचार यशस्वी झाला. प्रश्न विचारायचाच असेल तर भार अस्थिर का झाला, हा विचारावा. तो सोडला का, हा नव्हे.

६/ आता याच हुकाची दुसरी बाजू. ५ सप्टेंबर २००५, ऑस्ट्रियातील सोल्डन. हिमनदीवरच्या स्कीइंगसाठी पर्यटकांना घेऊन रोपवे चालू होता. त्याच्यावरून एक हेलिकॉप्टर बांधकामासाठी सुमारे ७५० किलोची काँक्रीटची बादली टांगून नेत होते.

७/ बादली सुटली आणि रोपवेवर आदळली. एक ट्रॉली तारेवरून तुटून खाली कोसळली. तार इतक्या जोराने हेलकावली की दुसऱ्या ट्रॉलीतील प्रवासी बाहेर फेकले गेले. नऊ जर्मन पर्यटक मरण पावले. त्यांत मुलेही होती.

८/ खटला वैमानिकावर चालला. बादली सुटली कशी, हा प्रश्न गाजला. तो रास्त होता, पण पहिला नव्हता. पहिला प्रश्न असा : माणसांनी भरलेल्या चालू रोपवेवरून ती बादली नेलीच का?

९/ यावर एक आक्षेप संभवतो. केदारनाथला भार जाणूनबुजून सोडला. सोल्डनला तसे नव्हते. मग दोन्हींची तुलना कशी? परंतु खाली उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा भेद शून्य आहे. जो हुक संकटात क्षणार्धात उघडावा म्हणून घडवला, तो कधीतरी नको त्या क्षणीही उघडू शकतो. ही शक्यता कमी करता येते, पुसून टाकता येत नाही.

१०/ हे ज्ञान २००५ मध्ये नवे नव्हते. अमेरिकेने १९६४ सालीच अशा उड्डाणांसाठी ‘भाग १३३’ ही स्वतंत्र नियमावली केली. दाट वस्तीवर काम करायचे तर तिच्यानुसार आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो आणि अनधिकृत माणसांना त्या जागेपासून दूर ठेवावे लागते. उंची आणि मार्गही असे निवडावे लागतात की आणीबाणीत भार सोडला तरी खालच्या माणसांना धोका पोहोचू नये.

११/ या नियमाचे मर्म शेवटच्या अटीत आहे. भार सुटणारच नाही, असे ती गृहीत धरत नाही. तो सुटेल, असे मानूनच ती मार्ग आखायला लावते.

१२/ आणि मार्ग आखण्याचा निर्णय एकट्या वैमानिकाचा नसतो. काम देणारा, वेळापत्रक ठरवणारा, खालची वाहतूक चालू ठेवणारा, हे सर्व त्यात भागीदार असतात. रोपवे काही मिनिटे थांबवला तर पर्यटक कुरकुरतात, कामाचा वेग मंदावतो. सुरक्षिततेची खरी किंमत एवढीच असते, आणि नेमकी तीच द्यायला कोणी तयार नसते.

१३/ अपघातानंतर एका वैमानिकावर बोट ठेवणे सोपे असते, कारण मग बाकीचे सुटतात. केदारनाथला भार पडला आणि माणसे वाचली. सोल्डनला भार पडला आणि माणसे गेली. दोन्हीकडे हुक उघडला होता. फरक खालच्या जमिनीचा होता. एकीकडे ती मोकळी होती. दुसरीकडे ती मोकळी करण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.