ताळेबंदाचे रकाने

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत सहकारी पतसंस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा भरवावी लागत असल्यामुळे सप्टेंबरात सभासदांच्या हाती जे अहवाल पडतात, त्यांतील ताळेबंदात चालू वर्षाच्या आकड्यांशेजारी गतवर्षाचा एक रकाना असतो आणि तुलना बहुधा तेथेच आटोपते. कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीनेही लगतच्या मागील कालखंडाचेच आकडे मागितले आहेत, हे खरे. परंतु ज्याने आयुष्याची पुंजी ठेव म्हणून सोपविली, त्याला एवढ्यावरून संस्थेची प्रकृती कळत नाही, आणि म्हणून पाच वर्षांचे व शिवाय चालू वर्षाचे तिमाहीवार रकाने त्याच्यापुढे मांडले जावेत, असा माझा आग्रह आहे.

ताळेबंद ३१ मार्चच्या एका सायंकाळची स्थिती सांगतो. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठेवी गोळा करून, थकीत कर्जे नव्या कर्जांतून फेडल्याचे दाखवून आणि एप्रिल लागताच त्या ठेवी परत करून ती सायंकाळ सजविता येते. दोन्ही वर्षी हेच घडले असेल, तर दोन्ही रकाने सारखेच निर्दोष दिसतात. जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च असे चार रकाने उभे केले, की दर मार्चला फुगणारी आणि जूनला ओसरणारी ठेव लपत नाही. आणि पाच मार्च ओळीने मांडले, की कर्जे वाढत असताना गंगाजळी व बुडीत कर्जांची तरतूद कशी मागे रेंगाळली, तेही दिसते.

पूर्वी यासाठी जुनी दप्तरे उघडून खतावणीवरून तेरीज पुन्हा काढावी लागे. आज टॅलीसारख्या संगणकीय प्रणालीत ताळेबंद पडद्यावर असताना ऑल्ट व सी या कळा एकत्र दाबल्या, की निराळ्या तारखेचा रकाना शेजारी येतो. ते आकडे तुलनायोग्य करण्याची जबाबदारी मात्र हिशेबनिसाचीच राहते. गतवर्षी ‘इतर येणी’त असलेली रक्कम यंदा स्वतंत्र शीर्षाखाली नेली, तर मागील रकानाही त्याच रीतीने पुन्हा मांडून खाली तसा खुलासा केला पाहिजे, शाखावार रकान्यांत एका शाखेचे येणे व दुसरीचे देणे परस्परांत वजा न केल्यास एकूण रकमा फुगतात, आणि तारखांच्या रकान्यांची बेरीज तर करूच नये, कारण जूनची शिल्लक सप्टेंबरच्या शिलकेत आधीच सामावलेली असते.

सामान्य सभासदाला इतके रकाने समजणार नाहीत, हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. सातबाऱ्यावरील पीकपाण्याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी जो शेतकरी बारकाईने ताडून पाहतो, त्याला आपल्या ठेवीचे पाच आकडे वाचता येतात. सहकार खात्याने ‘एन’ नमुन्यातील ताळेबंदाला असे पुरवणी पत्रक जोडणे सक्तीचे करावे. आणि तोवर सभासदांनी सभेपूर्वी लेखी अर्ज देऊन संचालक मंडळाकडे ते मागावे व त्याची पोच घ्यावी.