जुन्या कॉन्टेसात दुसरं दमदार इंजिन बसवायचंय? आधी हिशोब समजून घ्या

एप्रिलमध्ये मावसभावाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक रील पाठवली. गंजलेली हिंदुस्तान कॉन्टेसा, पुढच्या शॉटमध्ये उघडं बॉनेट, त्यात जपानी सहा सिलेंडरचं टर्बो इंजिन, आणि शेवटी टायरमधून निघणारा धूर. वेळ चाळीस सेकंद. खाली त्याचा मेसेज: "मामाची गाडी अशी करूया. लोन मिळतंय."

मामाची कॉन्टेसा वेंगुर्ल्यात उभादांड्याला घरामागच्या मांगरात ताडपत्रीखाली उभी आहे. एमएच-०७ पासिंग, पेट्रोल इंजिन, सात-आठ वर्षं बंद. भाऊ तेवीस वर्षांचा, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. लोनचा हप्ता त्याच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास जाणार होता. त्यामुळे "भारी दिसतेय" असा रिप्लाय देऊन मला विषय संपवता येईना. गेले काही महिने मी याच्या मागे लागून जे समजून घेतलं, ते इथे मांडतोय. तुमच्याही घरी जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल.

कॉन्टेसाला 'मसल कार' का म्हणतात?

मसल कार ही मूळची अमेरिकन कल्पना. मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्यात भलंमोठं इंजिन बसवायचं. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. तिच्यात ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं.

आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने १९८४ च्या सुमारास कॉन्टेसा बाजारात आणली. डिझाइन ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या जुन्या गाडीवरून घेतलेलं. लांब बॉनेट, रुंद तोंड, मागच्या चाकांना ताकद, म्हणजे दिसायला अगदी मसल कार. पण सुरुवातीला आत इंजिन होतं १४८९ सीसीचं, जेमतेम ५० हॉर्सपॉवरच्या आसपास. पुढे इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन आलं, तेव्हा ताकद ८८ च्या घरात गेली. त्या काळात ही गाडी रस्त्यावर रुबाबात चालायची, पण आकड्यांत बघितलं तर आजची साधी हॅचबॅकसुद्धा तिच्या बरोबरीने धावते.

रूप मसल कारचं आणि ताकद साधी, हीच कॉन्टेसाची गंमत. त्यामुळेच तिच्यात दुसरं इंजिन टाकायचा मोह होतो. रीलमध्ये हमखास दिसणारं टोयोटाचं टू-जेझेड टर्बो इंजिन तीन लिटरचं आहे आणि जपानमध्ये कंपनीतूनच सुमारे २८० हॉर्सपॉवर घेऊन बाहेर पडायचं. म्हणजे इसुझू इंजिनाच्या तिप्पट.

ताकद तिप्पट झाली, बाकीच्या गाडीचं काय?

भावाने रील मामाला दाखवली. मामाने ती दोनदा बघितली आणि एवढंच विचारलं, "पळवतलस रे, पण थांबवतलस कसो?"

या प्रश्नात बरंच फिजिक्स आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किमीवरून तुम्ही ८५ वर गेलात तर वेग दीडपटही होत नाही, पण ब्रेकने जिरवायची ऊर्जा दुप्पट होते. ताशी १२० ला ती चौपट. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनते. जुने ब्रेक ५०-८८ हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी बनवलेले. आंबोली घाट उतरताना ते तापले की पेडल दाबूनही पकड कमी होते. म्हणजे इंजिन बदलायचं तर ब्रेकही बदलायला हवेत.

यादी तिथे संपत नाही. वाढलेला टॉर्क गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शिअलमधून मागच्या चाकांपर्यंत जातो. या साखळीतली सगळ्यात कमजोर कडी आधी तुटते. जळलेल्या पेट्रोलमधली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात जाते, म्हणून रेडिएटर मोठा लागतो. पेट्रोल जास्त लागणार, म्हणून पंप आणि पाइप नवे. वायरिंग जुनं, म्हणून ते पूर्ण नवं.

हे पार्ट बनवून मिळत नाहीत असं नाही. बेळगावचं उद्यमबाग आणि कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी आपल्यापासून काही तासांवर आहेत. फाउंड्री, लेथ, सीएनसी, सगळं तिथे आहे. इंजिन माउंट, ब्रॅकेट, फ्लॅन्ज अशा गोष्टी नमुना दिला की करून मिळतात. पण एका गाडीसाठी बनवलेला एकच पार्ट कोणी हजार तास चाचणी करून देत नाही. ती चाचणी तुम्ही रस्त्यावर करता, स्वतः आत बसून.

समुद्रकाठचा खरा शत्रू

वेंगुर्ल्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. ती म्हणजे खारा वारा. हवेतल्या मिठाचे कण ओलाव्यात विरघळले की लोखंडावरचा पाण्याचा थर वीज जास्त चांगली वाहून नेतो आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. कॉन्टेसाला ट्रकसारखी वेगळी चासिस फ्रेम नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. गंज लागतो तो दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत आणि फ्लोअरखाली, जिथे तो वरून दिसत नाही.

आम्ही ताडपत्री काढली तेव्हा रंग ठीक होता. भावाने खालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा जोर दिला आणि तो सरळ आत गेला. ज्या सांगाड्याला ८८ हॉर्सपॉवर झेपेल की नाही ही शंका, त्यात २८० टाकायचे? त्या दिवशी भाऊ पहिल्यांदा गप्प झाला.

कायदा काय म्हणतो?

रील ज्याबद्दल बोलत नाहीत तो भाग हा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा.

याचा अर्थ काहीच करता येत नाही असा नाही. त्याच प्रकारचं इंजिन बदललं तर आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. आपल्याकडे त्यासाठी ओरोसला जावं लागतं. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट बसवायलाही कायद्यात वाट आहे. अशा किटची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात.

नोंद नसलेलं इंजिन घेऊन अपघात झाला तर दंड ही छोटी गोष्ट ठरते. आरसीवर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरीच, असं दिसलं की विमा कंपनी तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. समोरच्याला द्यायची भरपाईही शेवटी तुमच्याकडून वसूल होऊ शकते. लोन मात्र चालूच राहतं.

फी वाढली, आणि २०३४ दूर नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाची फी दुप्पट केली. कारसाठी ती ५,००० वरून १०,००० रुपये झाली. शेवटची कॉन्टेसा २००२ ची, म्हणजे देशातली प्रत्येक कॉन्टेसा या गटात बसते. सरकारचा रोख उघड आहे: जुनी गाडी ठेवायची तर किंमत मोजा, नाहीतर भंगारात द्या.

पण त्याच सरकारने जुलै २०२१ मध्ये दुसरं दारही उघडलंय. ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि कारना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या वापराला परवानगी नाही, पण रॅली, प्रदर्शन, देखभाल वगैरेसाठी गाडी रस्त्यावर आणता येते. अट एकच, पण कडक: गाडी मूळ रूपात हवी. चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी यात बसत नाही.

पहिल्या कॉन्टेसा २०३४ मध्ये पन्नाशी गाठतील. मामाची गाडी त्यानंतर काही वर्षांनी. आज मूळ इंजिन भंगारवाल्याला दिलं तर ते दार तिच्यासाठी कायमचं बंद.

माझं मत इथेच पक्कं झालं. जुन्या गाडीत बदल करताना "किती हॉर्सपॉवर वाढेल?" याआधी "हा बदल परत काढता येईल का?" हे विचारा. नट-बोल्ट सोडवून मूळ पार्ट परत बसवता येत असेल तर विचार करायला हरकत नाही. कापाकापी किंवा वेल्डिंग करून बॉडीचा आकार बदलावा लागत असेल तर थांबा. आणि परत काढता येतो म्हणून बदल कायदेशीर होत नाही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर पाच मिनिटांत निघतो, पण पकडलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं.

मग आम्ही काय केलं?

लोन घेतलं नाही. आधी गंज काढायला घेतला: सडलेला पत्रा कापून तेवढ्याच मापाचा नवा, आत गंजरोधक. मग ब्रेकची दुरुस्ती, नवे होज, रेडिएटरची सफाई. हेडलाइटना रिले बसवले, त्यामुळे जुन्या स्विचवरचा भार कमी होऊन उजेड वाढला. इंजिन तेच इसुझूचं, फक्त उघडून नीट बांधायचं ठरलंय.

फोनही कामाला आला. कॉन्टेसाला ओबीडी पोर्ट नाही, त्यामुळे स्कॅनर लावून काही कळत नाही. पण सायलेन्सर पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवून ब्लूटूथने हवा-पेट्रोलचं प्रमाण फोनवर बघता येतं. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हा आदर्श आकडा. कार्ब्युरेटर त्याच्या जवळ आणला की हरवलेली ताकद बरीच परत येते, तीही आरसीला धक्का न लावता.

तुम्ही जुनी गाडी विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी इंजिनावर कोरलेला नंबर आणि चासिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. जुळत नसतील तर गाडी कितीही देखणी असो, परत फिरा.

दिवाळीपर्यंत गाडी बंदरापर्यंत जाऊन परत यावी एवढंच सध्या ठरलंय. भाऊ आता मला रील पाठवत नाही, ब्रेक शूचे फोटो पाठवतो.